सीतेला निवडून देणाऱ्या गावात अभिनयाचा तास

प्रश्न असा आला आहे. बडोद्यातल्या एका कॉलेजात पदवीच्या मुलांना सिनेमा शिकवणारे एक तरुण प्राध्यापक लिहितात: "यंदा अभ्यासक्रमात 'स्टारडम आणि अभिनय' असं नवं युनिट आलंय. कॅमेरा, संकलन, ध्वनी शिकवताना दाखवायला काहीतरी असतं. इथे तास सुरू झाला की पाच मिनिटांत कुणाचा हिरो मोठा यावर वर्ग भांडायला लागतो. अभिनयाबद्दल विचारलं की 'मस्त', 'नॅचरल', 'ओव्हर' यापुढे गाडी जात नाही. वर्गात अर्धी मुलं गुजराती, थोडी मराठी, बाकीची कुठली कुठली, त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेला एकही नट सापडत नाही. हे युनिट दोन तासांत उरकावं, की यात खरंच शिकवण्यासारखं काही आहे?"

उरकू नका. मी याच गावात चोवीस वर्षं सिनेमा शिकवते आहे आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही हा भाग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकलेला आहे. त्याचा तोटा काय होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मुलं शॉट, कट, ट्रॅकिंग सगळं ओळखायला शिकतात आणि त्या शॉटमध्ये जो माणूस उभा आहे त्याच्याकडे बघायचंच राहून जातं. उजेड कुठून आला हे बिनचूक सांगतील, त्या उजेडात बाईने मान कधी वळवली हे सांगता येणार नाही.

यात मुलांचा दोष कमी. आपल्याकडे सिनेमाचं शिक्षण उभं राहिलं तेच दिग्दर्शकाला केंद्रात धरून. पुण्यात १९६० साली प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये अर्काइव्ह आलं, सतीश बहादुरांसारख्या शिक्षकांनी रसास्वादाचे वर्ग घेऊन कितीतरी लोकांना सिनेमा बघायला शिकवलं. ते ऋण मोठंच आहे. पण त्या सगळ्यात नट म्हणजे दिग्दर्शकाच्या हातातली एक वस्तू, आणि स्टार म्हणजे बाजार, फिल्मी मासिकं, कुचाळक्या. इन्स्टिट्यूटमधला अभिनयाचा अभ्यासक्रमसुद्धा सत्तरच्या दशकात बंद पडला तो थेट या शतकात पुन्हा सुरू झाला. स्टार हा विषय विद्यापीठात बसायला लायक आहे हे ठरलं ते रिचर्ड डायर या इंग्रज अभ्यासकाच्या १९७९ च्या पुस्तकानंतर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टार म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेली एक प्रतिमा, आणि ती चार ठिकाणांहून जमत जाते. निर्मात्याने केलेली जाहिरात, छापून आलेल्या बातम्या-भानगडी, प्रत्यक्ष सिनेमे, आणि त्या सिनेमांवर लोकांनी लिहिलेलं-बोललेलं. पदवीच्या वर्गाला थिअरी एवढी पुरे. मी एका वर्षी सगळा डायर आधी शिकवला. उत्तरपत्रिकांत चारही मुद्दे सुवाच्य अक्षरात आले आणि चाळीस पेपरांत मिळून एका नटाच्या चेहऱ्याचं वर्णन नव्हतं.

तेव्हापासून मी हे दोन विषय वेगळे शिकवत नाही. वर्गाला सांगते, नट पडद्यावर यायच्या आधी त्याची आठवण येऊन खुर्ची अडवून बसते. ती आठवण म्हणजे स्टारपण. नट आल्यावर त्या आठवणीचं जे काय करतो, तो अभिनय. तुमचं सगळं युनिट या दोन वाक्यांत मावतं, आणि बडोद्यात ते शिकवायला जी सोय आहे ती पुण्या-मुंबईतही नाही.

पहिली सोय म्हणजे १९९१. मुलांना हे माहीत नसतं म्हणून मी पहिल्याच तासाला विचारते: आपल्या शहराने महाराजांना पाडून कुणाला दिल्लीला पाठवलं होतं? दूरदर्शनवर जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. त्यातल्या सीता, दीपिका चिखलिया, १९९१ च्या लोकसभेला बडोद्यातून भाजपतर्फे उभ्या राहिल्या. समोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड, राजघराण्यातले, आधी दोनदा खासदार झालेले. सीता निवडून आली. आमचं घर दांडिया बाजारातलं, तीन पिढ्या गायकवाडांच्या चाकरीतल्या. मतदानाच्या आदल्या रात्री आजी जेवताना म्हणाली, "महाराजांना शिक्का नाही मारला तर पाप, आणि सीतेला नाही मारला तर महापाप." दुसऱ्या दिवशी तिने काय केलं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

वर्ग हसतो आणि लगेच निष्कर्ष काढतो: लोक भोळे होते, नटीला देवी समजले. इथे थांबू नका. त्याच निवडणुकीत उत्तर गुजरातेतल्या साबरकांठ्यातून रावणही निवडून आला. अरविंद त्रिवेदी. आता बोला! भूमिकेलाच मत पडत असेल तर रावणाला कोण मत देईल? मग मुलं विचार करायला लागतात. कुणीतरी घरी विचारून येतं की त्रिवेदी तर त्याआधीपासून गुजराती रंगभूमीवर आणि सिनेमात होते, त्यांचे भाऊ उपेंद्र त्रिवेदी म्हणजे गुजराती पडद्याचा केवढा मोठा हिरो. म्हणजे साबरकांठ्याच्या मतदाराच्या डोक्यात रावणाबरोबर आणखी बरंच काही होतं. कुणीतरी शहाणं मूल म्हणतं, मॅम, त्या वर्षी गुजरातेत पक्षाचीच हवा होती. बरोबर आहे, होतीच. स्टारपणाला सगळं श्रेय देऊ नका हेही त्यांना याच उदाहरणातून कळतं. मी पहिला गृहपाठ हाच देते: घरातल्या पन्नाशीपुढच्या एका माणसाला विचारून या की १९९१ चं काय आठवतं. दहातल्या आठांना प्रचारातला एक मुद्दा आठवत नाही. साडीचा रंग आठवतो.

मग 'रामायणा'तला कुठलाही तीन मिनिटांचा तुकडा लावायचा. मुलं खिदळतात, कारण त्यांच्या लेखी हा 'ओव्हर' किंवा 'स्लो' अभिनय. त्यांना सांगा, हसून झालं की फक्त लिहा: शरीराचा कुठला भाग हलतो? थोड्या वेळाने वही भरायला लागते. खांदे हलत नाहीत. मान वळत नाही, अख्खं शरीर सावकाश वळतं, डोक्यावर दागिने आहेत. नजर आधी खाली आणि मग वर. दोन वाक्यांमध्ये एवढी जागा की समोरच्याने हात जोडून घ्यावेत. कॅमेरा समोरून, देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखा. म्हणजे ही बाई वाईट अभिनय करते आहे असं नाही, ती वेगळ्या कामाचा अभिनय करते आहे. बघणाऱ्याला गोष्टीत ओढायचं नाही, दर्शन द्यायचं आहे.

आणि याची वंशावळ आपल्या गावातच टांगलेली आहे. पुढच्या आठवड्यात वर्गाला घेऊन फतेसिंह म्युझियमला जा. राजा रविवर्म्याला सयाजीरावांनी बडोद्याला बोलावलं, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. पुढे त्याच्या छापखान्यातून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघर गेल्या आणि देवीचा चेहरा कसा असतो हे हिंदुस्थानाचं ठरून गेलं. त्याच छापखान्याशी ज्यांचा संबंध आला ते दादासाहेब फाळके त्याआधी शिकले कुठे? आपल्या कलाभवनात. चित्रांपुढे उभं राहून मी एकच प्रश्न विचारते: हे माणूस हललं तर आधी काय हलेल? एकदा एक मुलगी दमयंतीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, पापणी. बाकी काही हललं तर चित्र मोडेल." त्या मुलीला मी उरलेल्या सत्रात अभिनयावर काही शिकवलं असं मला वाटत नाही.

दुसरी सोय तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: सगळ्यांना माहीत असलेला एकही नट नाही. अहो, हे तर घबाड आहे! मुंबईच्या वर्गात एखाद्या स्टारची आठवण वजा करून शॉट कसा दिसतो हे दाखवायला माणूस आणायचा कुठून? तुमच्याकडे ते प्रयोगाचं सामान रोज बाकावर बसलेलं आहे.

मी 'सामना' लावते. जब्बार पटेलांचा १९७५ चा सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. निळू फुले साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागू दारूत बुडालेले मास्तर. पहिल्यांदा दोघे समोरासमोर असलेला दोन-अडीच मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून. नाव, गोष्ट, काही सांगायचं नाही. मग चिठ्ठीवर लिहायला लावते: यातला कोण धोकादायक आहे आणि कशावरून?

मराठी मुलं चिठ्ठी मिनिटभरात देतात. निळू फुले दिसले की त्यांचा निकाल लागलेला असतो. घरी आजीने त्यांना शिव्या घातलेल्या ऐकल्या आहेत, नाहीतर मोबाइलवर 'बाई वाड्यावर या'चे मीम बघितले आहेत. गुजराती मुलांपुढे मात्र फक्त एक पांढऱ्या कपड्यातला, जरा सुजल्या डोळ्यांचा माणूस असतो. ती जास्त वेळ घेतात आणि कितीतरी चांगलं लिहितात. एकाने लिहिलं होतं, "जो दाढीवाला हलतोय तो घाबरलाय. दुसरा हलत नाही, त्याच्यासाठी बाकीचे हलतात." एकीने लिहिलं, "तो समोरच्याकडे बघत नाही, समोरच्याच्या जरा बाजूला बघतो." कुणी लिहिलं, धोका कुणातच नाही, दोन मित्र आहेत. तेही ठेवून घ्यायचं. मग चिठ्ठ्या दोन गठ्ठ्यांत वाचून दाखवायच्या आणि वर्गाला विचारायचं, एकच शॉट, मग ही दोन गावं कुठून आली? त्या दिवशी 'स्टार इमेज' हा शब्द फळ्यावर लिहिला की तो मुलांचा होतो.

दुसऱ्या खेपेला आवाज लावून. आता अभिनय. लागू नाक-कान-घशाचे सर्जन, ती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झालेले, १९७० मध्ये 'नटसम्राट' उभा केलेला माणूस. शब्द पूर्ण उच्चारायचा, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं, ही त्यांची सवय. फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आलेले. वगात प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, त्याला टोमणा फेकायचा आणि उत्तराची वाट बघायची. 'सामना'त हे दोन प्रकारचे नट एका चौकटीत येतात. मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" हे पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा लागूंच्या तोंडून प्रश्न आख्खा बाहेर पडतो. फुले शब्द दाताखाली धरतात, अर्धा सोडतात, आवाज खाली ठेवतात. ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं आणि वाकला की तो त्यांच्या ताब्यात गेला. मुलांना दोघांची नक्कल करायला लावा, पण बसून. उभं केलं की नुसती मिमिक्री होते. एकच वाक्य लागूंसारखं आणि मग फुल्यांसारखं म्हणून बघितलं की श्वास कुठे घेतला हे कळतं. हा तास माझ्या मते अख्ख्या युनिटचा कणा आहे, त्याला एक सोडून दोन तास द्या.

शेपूट म्हणून 'सिंहासन' (१९७९) चा शेवट दाखवते. तेच फुले इथे पत्रकार दिगू टिपणीस, सगळं बघणारा आणि काही करू न शकणारा, शेवटी वेड लागलेला. जो प्रेक्षक या चेहऱ्याला इतकी वर्षं शिव्या देत होता त्याच्यासाठी हा शेवट किती वेगळा बसला असेल! आणि पडद्याबाहेरचा माणूस आयुष्यभर सेवा दलाचा, सामाजिक कामांना धावून जाणारा. बायका त्यांना बघून बिचकायच्या असे किस्से सांगितले जातात. ते वर्गात सांगायला हरकत नाही, फक्त मग विचारा की हा किस्सा डायरच्या चारांपैकी कुठल्या खणात बसतो.

उलटा प्रयोगही करा, नाहीतर मराठी मुलांना वाटेल की न कळणं हा गुजरात्यांचाच मक्ता आहे. नरेश कनोडियांच्या कुठल्याही जुन्या गुजराती सिनेमातली एन्ट्री लावा. मागच्या बाकांवरून शिट्टी येते आणि आपली दांडिया बाजारची मराठी मंडळी भोपळ्यासारखे चेहरे करून बसतात. कॉलर, केस, पाय टाकायची लकब, यातल्या प्रत्येक गोष्टीला टाळी का पडते हे आता गुजराती मुलांनी समजावून सांगायचं. त्या दिवशी शिक्षक तेच.

रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग तुम्ही संकलनाच्या युनिटमध्ये शिकवत असणारच: नटाचा एकच कोरा चेहरा, त्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, आणि प्रेक्षकाला दर वेळी वेगळा भाव दिसतो. तो इथे पुन्हा आणा. आम्ही मोबाइलवर करतो. वर्गातल्या एका मुलाचा निर्विकार चेहरा, मग सेव-उसळची वाफाळती प्लेट, मग नापासाची गुणपत्रिका. चालतं, दर वर्षी चालतं. मग त्या मुलाच्या जागी एखाद्या चालू हिरोचा तितकाच कोरा फोटो घाला. आता चालत नाही. गुणपत्रिका आली तरी वर्ग म्हणतो, "तो घाबरणार नाही, तो बदला घेणार." पाठ्यपुस्तकात हा प्रयोग 'अभिनयाची गरजच नाही' याचा पुरावा म्हणून येतो आणि एक गोष्ट गाळली जाते: कुलेशोव्हने वापरलेला चेहरा इव्हान मोझुखिनचा होता, आणि तो क्रांतीपूर्वीच्या रशियन पडद्यावरचा बडा स्टार. कोरा चेहरा कोरा नव्हताच की!

तिसरी सोय पदर. बायकांच्या आणि बायका झालेल्या पुरुषांच्या अभिनयाबद्दल बोलायला याच्याइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. १९१३ साल घ्या. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, कोठीवरच्या बायकासुद्धा तयार होईनात, तेव्हा मुंबईत एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके त्यांनी उचलला. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तोच राम आणि तोच सीता. आणि त्याच १९१३ मध्ये, इकडे नाटकात, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली, जिला पुढे आपल्या सयाजीरावांचा आश्रय मिळाला. एका वर्षात दोन पुरुष लुगडं नेसून उभे आहेत. एकाचं नाव सिनेमाचे विद्यार्थी सोडून कुणाला आठवत नाही. दुसऱ्याची नथ, साडी नेसायची तऱ्हा, केसातली फुलं घराघरातल्या बायकांनी उचलली. स्टार म्हणजे काय याची व्याख्या मुलं मागतात तेव्हा मी हे सांगते: ज्याची नक्कल आरशासमोर होते तो.

पण तेच बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. वय सत्तेचाळीस, पहिल्यांदा पडद्यावर, तेही पुरुषाच्या वेषात. जमलं नाही आणि प्रभातबरोबरचा तो घरोबा तिथेच संपला. का जमलं नाही हे मुलांना शोधू द्या. एक उत्तर सोपं आहे: लोकांना 'मानापमान'मधली भामिनी हवी होती, संत नको होता. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं आणि ते गाण्याबजावण्याच्या घरातल्या एका मुलाने दिलं होतं. नाटकात बालगंधर्वांचा अभिनय 'वन्स मोअर'वर उभा होता. पद संपलं, टाळी आली, पुन्हा घेतलं, दुसऱ्यांदा वेगळी जागा काढली, समोरच्या चेहऱ्याकडे बघून तिसऱ्यांदा आणखी वेगळी. फिल्म वन्स मोअर देत नाही, रीळ पुढे जातं. समोर बसलेल्या माणसाशी बोलत वाढणारा नट एका काचेपुढे उभा केला गेला. नाटकातला आणि सिनेमातला अभिनय यांतला फरक सांगायला 'नाटकात मोठं करावं लागतं, सिनेमात कमी' हे एवढंच वाक्य जिथे तिथे ऐकू येतं. त्यापेक्षा ही गोष्ट सांगा.

मग एकदम १९८८, 'अशी ही बनवाबनवी'. इथे वर्गात दंगा होणार, होऊ द्या. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही साडीत. विचारा, पदर कोण सावरतो आणि पदर कुणाला सावरतो? एकाच्या साडीत बाई व्हायची धडपड आहे, दुसऱ्याच्या साडीतून पुरुष सारखा बाहेर डोकावतो, आणि लोक हसतात ते त्या डोकावण्याला. यातून बेर्ड्यांवर आलात की 'एक होता विदूषक' (१९९२) टाळू नका. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि नायक तोच लक्ष्या, ज्याने तोंड उघडलं की थिएटर हसायला सुरुवात करायचं. या सिनेमात त्याने केलेलं काम मला त्याच्या सगळ्या कामांत उजवं वाटतं. सिनेमा चालला नाही. लोक हसायला आले होते आणि हा माणूस त्यांना हसण्याची किंमत सांगत होता. ती आठवण खुर्ची अडवून बसते म्हणते ना, ती अशी. कधीकधी ती उठतच नाही.

बायकांबद्दल बोलताना स्मिता पाटील येणारच. १९८२ या एकाच वर्षातले दोन सिनेमे घ्या, 'उंबरठा' आणि 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं. दोन्हीकडे साडी. एवढं सांगून बाजूला व्हा. पहिल्या दहा मिनिटांत मुलं 'आर्ट' आणि 'कमर्शियल' हे शब्द फेकतील, ते उचलू नका. पदर, खांदे, पावलं, एवढंच विचारत राहा.

आता भांडणाबद्दल. माझ्या वर्गात एकदा दोन हिरोंच्या भक्तांची हाणामारी व्हायची वेळ आली होती, आणि दुसऱ्या एका वर्षी मी एका हिरोला 'लाकडी' म्हटलं म्हणून एक मुलगा खरोखर रडला. चूक माझी होती. तेव्हापासून दोन नियम आहेत. पहिल्या महिन्यात कुणीही स्वतःच्या आवडत्या नटावर लिहायचं नाही. आणि विशेषणांना बंदी: 'दमदार', 'जबरदस्त', 'नॅचरल', 'ओव्हर' हे शब्द बोलला त्याने चहा पाजायचा. सुरुवातीला माझ्या चहाची सोय उत्तम होते.

पण भक्तांना गप्प बसवू नका. त्यांच्याइतकी माहिती तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. महिन्यानंतर त्यांना एकच काम द्या: तुझा हिरो पडद्यावर काय करत नाही त्याची यादी आण. भक्त इथे अचूक असतो. "पाठ दाखवून पळत नाही." "माफी मागितली तर फक्त आईची." "आधी हात उचलत नाही, पण शेवटचा हात त्याचाच." एका मुलाने आणलं होतं, "पोटभर जेवताना दिसत नाही. चहा फक्त." त्यावरून पाऊण तास चर्चा झाली, की उपाशी नायक आणि जेवणारा विनोदी नट ही वाटणी आपल्याकडे कधीपासून आहे. स्टारची प्रतिमा अशा नकारांनी बांधलेली असते. एखाद्या सिनेमात त्यातला एक नकार मोडला की लोक म्हणतात, "यात त्याने अभिनय केलाय." बाकीच्या वेळी काय करत होता बिचारा?

स्टारपण हे नुसतं डोक्यातलं प्रकरण आहे असंही वाटू देऊ नका. जानेवारी २०१७ मध्ये एक मोठा हिरो सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी रेल्वेने निघाला होता. गाडी बडोद्याला काही मिनिटं थांबली, स्टेशनवर माणूस मावेना, आणि त्या रेटारेटीत एकाचा जीव गेला. माझे तीन विद्यार्थी त्या फलाटावर होते. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीच काही बोलेना, मग मी विचारलं, काय दिसलं? एकाला काच दिसली. एकाला हात दिसला, पण तो त्याचाच की अंगरक्षकाचा, सांगता येत नव्हतं. तिसरा म्हणाला, "मॅम, काही नाही दिसलं. पण तो तिथे होता." हे मी फार ताणत नाही, मेलेल्या माणसाचं उदाहरण करायला जीभ रेटत नाही. पण दरवर्षी एकदा सांगते.

परीक्षेचं बघायला हवं, कारण शेवटी गुण द्यायचे आहेत. 'अमुक यांच्या स्टारडमवर निबंध लिहा' असा प्रश्न काढलात तर इंटरनेटवरून उतरवलेलं चरित्र मिळेल, जन्मतारखेसकट. मी विद्यापीठाच्या पेपरात बदल करू शकत नाही, पण अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत. त्यात एकच काम: एका नटाचे दोन वेगळ्या सिनेमांतले दोन-दोन मिनिटांचे तुकडे, दोन पानं. पहिल्या पानावर फक्त जे दिसतं-ऐकू येतं ते, सेकंदांसकट. दुसऱ्या पानावर, हे बघण्याआधी तुम्हाला या नटाबद्दल काय ठाऊक होतं आणि ते कुठून कळलं. पहिलं पान कुणाचं उतरवता येत नाही, कारण दहा सेकंद इकडेतिकडे झाले की मला लगेच कळतं. दुसऱ्या पानावर मुलं जे लिहितात ते वाचायला मी स्वतः उत्सुक असते: आत्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फोटो, सलूनमधलं कॅलेंडर, बाबा दाढी करताना म्हणायचे तो डायलॉग.

एक इशारा. एका संस्थेत असताना मला वरून विचारणा झाली होती की तुमच्या वर्गातून शिट्ट्या का ऐकू येतात, सिनेमा शिकवता की तमाशा? मी तेव्हा खजील होऊन दार लावून घेतलं. आता लावत नाही. तुम्हालाही कुणी विचारेल. मुलांच्या चिठ्ठ्यांचे ते दोन गठ्ठे जपून ठेवा, आणि विचारणाऱ्याला तेच दाखवा.

सोमवारी पहिला तास असेल तर तयारी फारशी नको. 'सामना'तली दोन मिनिटं काढून ठेवा, कोऱ्या चिठ्ठ्या कापून न्या, मराठी आणि गुजराती मुलांना वेगळं बसवू नका, नाहीतर आधीच कळेल. पहिल्या खेपेला आवाज बंदच ठेवायचा आहे, तेव्हा कॉलेजचा स्पीकर नेहमीप्रमाणे खरखरत असला तरी काही अडणार नाही.